बसलेल्या हवालदाराला सलामी

मरण माणसाला एकदाच येतं आणि येताना सांगून येत नाही, या दोन गोष्टींवर जगातल्या सगळ्या धर्मांचं, तत्त्वज्ञांचं आणि विमा एजंटांचं एकमत आहे. निवृत्त हवालदार नागाप्पा त्या रविवारी दुसऱ्यांदा मेले, आणि आदल्या गुरुवारीच तसा निरोप सगळ्यांना गेलेला होता. फक्त त्यांच्या मुलाला, प्राध्यापक बसवेशला, तो कुणी दिलेला नव्हता. तो मंडईतून भाजीची पिशवी घेऊन आला, त्याने कोपराने फाटक ढकललं, आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये त्याला त्याचे वडील दिसले. शेजारच्या देसायांच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत अप्पा मांडी घालून बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, हनुवटीखालून डोक्यावर नेऊन बांधलेला पांढरा रुमाल, नाकपुड्यांत कापसाचे बोळे, डोळे मिटलेले. समोर एका ओळीत म्हातारे उभे होते. बटणं लागत नाहीत असे निळे ब्लेझर, छातीवर पदकं, माना खाली, आणि हातात उलट्या धरलेल्या लाकडी बंदुका. कुठल्याशा शाळेने कवायतीतून बाद केलेल्या त्या बंदुका होत्या. बाजूला केरबा टेपरेकॉर्डरवर बोट ठेवून उकिडवा बसला होता. वरच्या गॅलरीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं, आणि धूळ सगळ्यांवर सारखी पडत होती.

त्या क्षणी आपल्याला नेमकं काय वाटलं, हे बसवेश पुढे कितीतरी दिवस तपासत राहिला. तो तर्कशास्त्र शिकवायचा. वर्गात मुलं हजेरीपुरती यायची आणि तर्क त्याच्या एकट्याच्याच डोक्यात चालू राहायचा, घरी आल्यावरसुद्धा. दुःख वाटलं नाही असं नाही, पण दुःखाच्या आधी रांगेत दुसरंच काहीतरी उभं होतं. माठाच्या जुड्या आता जास्त झाल्या. हा पहिला विचार. दुसरा विचार देसायांच्या खुर्चीचा, ती आता धुऊन द्यायची की नवीच घेऊन द्यायची. तिसरा विचार कदाचित खराच वडिलांबद्दलचा असता, पण तो यायच्या आत अप्पांनी डावा डोळा उघडला, समोरच्या रांगेकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. ओळीच्या पुढे उभ्या असलेल्या गणपतराव सुभेदारांच्या नजरेतून ते सुटलं नाही. “हवालदार, मयतानं डोळं उघडायचं न्हाईत,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, सूचना होती. “चुकलं साहेब,” नागाप्पा कापसातून म्हणाले.

गणपतराव माजी सैनिक सेवा संघाचे सेक्रेटरी. संघ म्हणजे शिवाजी पेठेत एका तालमीच्या खालची खोली, आणि खोलीपेक्षा रुंद असा बोर्ड. कारगिल होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत संघाने जेवढे हार घेतले तेवढे आधीच्या तीस वर्षांत घेतले नसतील. संघाची समाजसेवा बसवेशला तोंडपाठ होती, कारण अप्पा जेवताना तिचा अहवाल द्यायचे. रक्तदान शिबिर, त्यात सभासदांचं वय उलटून गेलेलं, म्हणून रक्त तालमीतली पोरं द्यायची आणि प्रमाणपत्रं म्हातारे घ्यायचे. वाहतूक शिस्त सप्ताह, त्यात पाच पेन्शनर पाच शिट्ट्या घेऊन चौकात उभे राहायचे आणि एरवी नीट चाललेली वाहतूक तासभर कोंडायची. शाळेत ‘सैनिक तुमच्या भेटीला’, त्यात गणपतराव बर्फाबद्दल बोलायचे, जो त्यांनी मनालीच्या सहलीत बघितला होता. बसवेश हे सगळं ऐकत भाकरी मोडायचा आणि आतल्या आत एक-एक उपक्रम निकालात काढायचा. पण अंत्ययात्रा हे संघाचं खरं काम होतं. सभासद गेला की संघाची जीप यायची, पुष्पचक्र, उलट्या बंदुका, बिगुल, सलामी. संघाचा एवढाच एक उपक्रम असा होता की ज्यात लाभार्थ्याची तक्रार येत नसे. बिगुल कॅसेटवर होता, कारण वाजवणाऱ्याचे पुढचे दात पडले होते, आणि बिगुल संपला की त्याच कॅसेटवर आधीची भावगीतं सुरू व्हायची. ती सुरू व्हायच्या आत बटण दाबणं, एवढ्यासाठी संघाच्या ऑफिसचा शिपाई केरबा होता.

अडचण एकच होती. संघाची सगळी कवायत आडव्या माणसासाठी बसवलेली, आणि नागाप्पा लिंगायत. त्यांच्यात जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. मांडी घालून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून, बसवून मातीत ठेवतात. नागाप्पांनी हे संघाच्या बैठकीत स्वतः उठून सांगितलं होतं. गडहिंग्लजला शेताच्या कडेला बायकोशेजारी बसायचं ठरलेलं आहे, त्यात बदल नाही, पण सलामी पाहिजे. दुसरी कुठलीही संस्था असती तर बघू म्हणाली असती आणि विसरली असती. ही फौजेतली माणसं. जे आधी करून बघितलं नाही ते ऐनवेळी करायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी रंगीत तालीम ठेवली. पहिली संघाच्या खोलीत झाली, तिथं छताला पंखा लागला म्हणून बंदुका उभ्या करता येईनात. म्हणून दुसरी इथं, पार्किंगमध्ये. खरं लिंग तालमीला वापरायला नागाप्पा तयार नव्हते. ते गळ्यात, सदऱ्याच्या आतच राहिलं, आणि तळहातावर एक लिंबू ठेवलं गेलं.

बसवेश पिशवी धरून तिथंच उभा राहिला. निघून जायला हवं होतं, पण जिना रांगेच्या पलीकडे होता. गणपतरावांनी “शोक शस्त्र” म्हणून हुकूम सोडला, केरबाने बटण दाबलं, बिगुल वाजला, सुतकी आणि थोडा घरघरत. मग गणपतराव दोन पावलं पुढे झाले आणि त्यांचा हात कपाळाकडे निघाला, आणि खांद्यापाशीच थांबला. तिकडे बिगुल संपून भावगीताचा पहिला सूर आलासुद्धा. केरबा त्यांच्याच हाताकडे बघत राहिला होता.

“न्हाई जमायचं,” गणपतराव म्हणाले. “हे माझ्याकडं तोंड करून बसलंय. हवालदार बसून सलामी घ्यायलाय आनि सुभेदार उभा ऱ्हाऊन द्यायलाय. कुठल्या पुस्तकात हाय हे?”

नागाप्पा डोळे न उघडता म्हणाले, “मेलेल्याला कसली रँक, साहेब?”

“असती की. रँक नसती तर मागं बायकांस्नी पेन्शन कशावर मिळती?”

रांगेत माना हलल्या. बसवेशने त्या वाक्यात दोष शोधला. प्रथम आधारविधान तपासलं, मग निष्कर्ष. दोष सापडला नाही, आणि त्याचा त्याला दिवसभर संताप येत राहिला. आडव्या माणसाची रँक कुणाला आठवत नाही, तो नुसताच मेलेला असतो, पण बसलेला माणूस समोरून बघत असतो. रांगेतल्या एकाने खुर्ची फिरवून पाठ करायचं सुचवलं. नागाप्पा म्हणाले, मग मला कसं दिसणार. आणि एवढं बोलून गप्प झाले, कारण मयताने डोळे उघडायचे नाहीत हे त्यांना नुकतंच सांगून झालं होतं. शेवटी गणपतरावांनीच तोड काढली. सुभेदाराने सलामी हवालदाराला द्यायची नाही, त्याच्या हातातल्या लिंगाला द्यायची. देव सगळ्या रँकांच्या वर, तिथं हात उचलायला कमीपणा नाही. सगळ्यांना हे पटलं. बंदुका पुन्हा उलट्या झाल्या, बिगुल पुन्हा वाजला, आणि पस्तीस वर्षं सरकारची नोकरी केलेल्या, पदकांनी डाव्या बाजूला कललेल्या त्या गृहस्थाने टाचा जुळवून, छाती काढून, डोळ्यांत कसलाही संशय न ठेवता लिंबाला कडक सलामी दिली. मग सगळे वर चहाला आले आणि गिरिजाने, बसवेशच्या बायकोने, त्यांना पोहे दिले. तिला ही माणसं आवडायची. आपापल्या ताटल्या विसळून ठेवतात, एवढंच तिचं म्हणणं.

ते गेल्यावर बसवेश वडिलांशी बोलला. बोलला म्हणजे त्याने आवाज चढवून एक व्याख्यान दिलं. त्यात प्रतिष्ठा हा शब्द आला, कॉलनी हा शब्द आला, आणि सर्कस. नागाप्पा नाकातला कापूस काढत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुझ्या कॉलेजातनं कोण येनार हाय मला? तुमी शोकसभा घेता. बसून. ही मानसं निदान हुबी तरी ऱ्हातात.” आणि दुसरीकडे बघत, “बावीस वर्षं हात वर केला रं मी. ल्हान पोरगं साहेब झालं की त्यालाबी. मला कुनी केला न्हाई. हवालदाराला करत न्हाईत.” एवढंच. बसवेशने वर्तमानपत्र उघडलं. मागण्या माणसाच्या लायकीप्रमाणे असाव्यात, असं त्याला वाटलं. वडिलांनी घर मागावं, डॉक्टर मागावा, काशीला नेऊन आण म्हणावं. हा माणूस मेल्यावर कपाळाला लागलेला एक हात मागत होता, आणि तोही अशा लोकांचा, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी गोळीचा आवाज फक्त शिवजयंतीच्या फटाक्यांत ऐकला होता. अप्पांचं तरी काय. ते सप्लायमध्ये होते. त्यांनी फौजेला बटाटे तोलून दिले. एकाहत्तरच्या लढाईत ते जबलपूरला होते, आणि जबलपूरला लढाई झाली नव्हती.

वर्षातून एकदा ते गडहिंग्लजला सुट्टीवर यायचे, तेव्हाचा काळ्या ट्रंकेचा वास बसवेशच्या नाकात अजून होता. डांबरगोळ्या, कांद्याच्या पोत्यांचा कोंदट वास, आणि त्याखाली आटीव दुधाच्या डब्यांचा गोडसर पत्र्याचा. डबा अप्पा सुरीने दोन ठिकाणी भोसकून उघडायचे आणि धार त्याच्या तळहातावर सोडायचे. चाट म्हणायचे, हसायचे नाहीत. आईशीसुद्धा ते हुकमासारखंच बोलायचे, निम्मं कानडीत आणि निम्मं हिंदीत. आई ते गेल्यावर घर जोरजोरात झाडायची. सुट्टी संपली की सगळे स्टँडवर जायचे. दुसऱ्यांचे वडील पोरांच्या डोक्यावरून हात फिरवत, खिशात नाणं कोंबत. अप्पा एस्टीच्या पायरीवर चढायच्या आधी वळायचे आणि त्याच्याशी हात मिळवायचे, एखाद्या पाहुण्याशी मिळवावा तसा. कोरडा, खरबरीत, मोठा हात, आणि लगेच सुटलेला. गाडी सुटल्यावर बसवेश तो हात चड्डीला पुसायचा. का पुसायचा हे त्याला तेव्हा कळत नव्हतं, आणि आता कळून काही उपयोग नव्हता. आता तो हात त्याच्याच घरात, त्याच्याच बाथरूममध्ये, दाढीच्या डबीचं झाकण लावता येऊ नये इतका थरथरत होता, आणि तरी अप्पांना तो कुणी धरलेला चालत नव्हता.

तिसरी तालीम दिवाळीनंतर झाली. तोवर नागाप्पांचे गुडघे गेले होते. मांडी घालून पाच मिनिटं बसवलं तरी ओठ पांढरे पडायचे. खरं मेल्यावर दुखणार नाही, असं केरबाने समजावलं, पण तालीम तर जिवंतपणीच करायची होती. गणपतरावांनी पार्किंगमध्ये इकडेतिकडे बघितलं. रविवार होता आणि बसवेश स्कूटर पुसत होता. “सर, तुमी बसा की,” ते म्हणाले. “उंची सारखीच हाय.” बसवेश हसला. उपरोधाने हसला, पण उपरोध हा प्रकार त्या पार्किंगमध्ये त्याच्याशिवाय कुणाला येत नव्हता, त्यामुळे तो होकार धरला गेला. खुर्ची आली. गिरिजा गॅलरीतून बघत होती. नको म्हणायला त्याला एक पूर्ण वाक्य लागलं असतं, आणि ते जुळवेपर्यंत केरबाने त्याच्या डोक्याला रुमाल, अप्पांना बांधायचा त्यापेक्षा घट्ट, बांधला होता. नाकात कापूस गेल्यावर जग एकदम लांब गेलं. आवाज राहिले, वास गेला. हनुवटी वर आवळल्यामुळे दात दातांवर बसले, आणि लक्षात आलं की आता काही बोलता येणार नाही, मत देता येणार नाही. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर तो उभा होता, ती दोन गाठींत बंद झाली होती. डाव्या हातावर लिंबू आलं, गार, फ्रिजमधलं.

रांग एकाने कमी पडत होती म्हणून नागाप्पा स्वतः तिच्यात जाऊन उभे राहिले. हे बसवेशला पावलांवरून कळलं, उजवा पाय थोडा फरफटत. त्याने डोळे मिटलेले होते, आणि पापण्यांच्या आत लाल ऊन होतं. हुकूम झाला. बिगुल वाजला. पार्किंगमध्ये तो बाहेरून ऐकताना हास्यास्पद वाटतो, पण मयताच्या खुर्चीत बसून ऐकताना तो मध्ये कुठेही न अडता सरळ छातीवर येतो, हे एक भौतिक सत्य आहे आणि त्यात भावनेचा संबंध नाही, असं बसवेशने स्वतःला बजावलं. आणि मग त्याने पापण्या किंचित उघडल्या. सगळ्यांच्या बंदुका डाव्या हातात, आणि उजवे हात वर होते. गणपतरावांची नजर लिंबावर, ठरल्याप्रमाणे. बाकीच्यांची कुठेकुठे. नागाप्पा ओळीच्या टोकाला होते. त्यांचा हात थरथरत नव्हता. बोटं जुळलेली, कोपर खांद्याच्या रेषेत, मान ताठ, आणि डोळे सरळ त्याच्याकडे. त्याच्याकडे की त्याच्या डोक्यावरून मागच्या पाण्याच्या टाकीकडे, हे त्या अंतरावरून ठरवता येत नव्हतं. कवायतीच्या नियमाप्रमाणे नजर समोरच्याच्या डोक्यावरून जायला हवी. हवालदारावर प्राध्यापकाला सलामी द्यायची सक्ती नाही. लिंबाला द्यायची सूटही फक्त सुभेदाराला होती. मग हा हात कुणाला होता? त्याला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. या माणसांचा, त्यांच्या लाकडी बंदुकांचा, घरघरणाऱ्या कॅसेटचा, आणि ज्याचा हात स्टँडवर घेऊन तो पुसून टाकायचा त्या माणसाचा, की त्याने हे आधी का नाही केलं, एकदा, घरात, नुसतं सहज. बटण दाबलं गेलं. हात खाली आले. केरबा रुमाल सोडायला आला. नागाप्पा फरफटत जवळ आले, लिंबू उचलून घेतलं आणि म्हणाले, “लई हलतोस. मयत एवढं हलत न्हाई.”

नंतरच्या महिन्यांत तालीम झाली नाही, पण नागाप्पा खूष होते. आता कवायत बसली होती. फिरायला गेले की ओळखीच्यांना सांगायचे, आपलं सगळं ठरलेलं आहे, जसं लोक मुलीच्या लग्नाबद्दल सांगतात. बसवेश मागे चालायचा आणि पाहुण्या-रावळ्यांसमोर त्याला लाज वाटायची. एकदा गडहिंग्लजहून त्याची थोरली बहीण, मल्लव्वा, आली होती. अप्पांनी तिलाही सगळं समजावून सांगितलं, कुणी कुठं उभं राहायचं, मठाच्या स्वामींनी मंत्र कधी थांबवायचे. ती कानडीत म्हणाली, त्यांचं एवढं एक करून टाक बाबा, दुसरं काय मागितलं त्यांनी? बसवेशने तिलाही उपरोधाने उत्तर दिलं. ते तिला कळलं नाही.

फेब्रुवारीत, पहाटे, दवाखान्यात, नागाप्पा गेले. या वेळी माठाच्या जुड्या आठवल्या नाहीत. काहीच आठवलं नाही, फक्त हनुवटीखाली रुमाल बांधायचा असतो हे हातांना माहीत होतं, आणि नर्स यायच्या आत त्याने तो बांधला. उजाडल्यावर दवाखान्यासमोरच्या टेलिफोन बूथवरून त्याने संघात फोन लावला. केरबाने उचलला. बसवेशने सांगितलं, अप्पा गेले, दुपारी गडहिंग्लजला माती.

“तालीम का खरं, सर?” केरबाने विचारलं.

“खरं.”

“मग आज जमत न्हाई वो,” केरबा म्हणाला. त्याच्या आवाजात मनापासून वाईट वाटलेलं होतं. “तालीम असती तर उद्यावर ढकलली असती. साहेब आनि समदी जीप घेऊन पन्हाळ्याला गेल्यात. मंत्री यायल्यात न्हवं झाडं लावायला. निरोप धाडतो, पर वाट बघू नगासा.” बसवेशने त्याला विनंती केली. कुणाला तरी पाठव म्हणाला, दोघं आले तरी चालतील, तू कॅसेट घेऊन एकटा ये, मी गाडी करून देतो. इतकी आर्जवं त्याने नोकरीसाठीसुद्धा केली नव्हती. केरबा म्हणाला, ऑफिस सोडून यायची मला परवानगी न्हाई.

गडहिंग्लजला ऊन कडक होतं. अप्पांना बसवलं होतं, भस्म लावून, फुलांच्या मखरात, डाव्या हातावर लिंग, आणि ते तालमीत बसायचे त्यापेक्षा किती तरी नीट बसले होते. खड्डा तयार होता. लोक विचारू लागले, कुणाची वाट बघायची? येतील, बसवेश म्हणाला. सगळ्यांना तेच सांगत राहिला, एकदा रस्त्यापर्यंत जाऊन आला, आणि एका जीपसारख्या दिसणाऱ्या दुधाच्या गाडीला हातही केला. कुणी येणार नाही हे त्या शेतात त्याला एकट्याला ठाऊक होतं, आणि त्या शेतात थांबून राहिलेलाही तो एकटाच होता. बाकीचे उन्हामुळे झाडाखाली गेले होते. तालमीत मिळालेली सलामी हिशेबात धरायची की नाही, याबद्दल संघाचा काही ठराव नव्हता. शेवटी स्वामी मल्लव्वाशी हळूच काही बोलले, आणि ती त्याच्यापाशी येऊन म्हणाली, “ऊन कलतंय. नुसतं बसवून ठेवायचं काय त्यांना?”

“घ्या,” बसवेश म्हणाला.

माती सारखी केली तेव्हा पाच वाजत आले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पन्हाळ्याचा फोटो आला, त्यात गणपतराव मंत्र्यांना सलामी देत होते. लावलेली रोपं सुरूच्या झाडांची होती. मार्चमध्ये वाळली.